शेडच्या छपराखाली साठलेला गॅस

मित्रांनो, मी एक जुना सिलिंडर आहे. पण तुमच्या स्वयंपाकघरातला नव्हे. मी जाड पोलादाचा, लांबट, एका पिकअप गाडीच्या केबिनमागे आडवा बांधलेला असे. माझ्या पोटात नैसर्गिक वायू दाबून भरत आणि त्यावर गाडीचं इंजिन चाले.

कारखान्यात माझ्यात पाणी भरून, नेहमीच्या गॅसपेक्षा जास्त दाब देऊन मला पारखलं होतं. मी टिकलो. पण पोटात एवढा दाब घेऊन जगायचं म्हणजे सतत श्वास रोखून उभं राहायचं, हे मला त्याच दिवशी कळलं.

दोन हजार तीनच्या सुमारास मी दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या एका फरशांच्या कारखान्यात आलो. तिथे भट्ट्यांसाठी गॅसची पाइपलाइन होतीच. तोच गॅस गाडीत भरून पाहण्याचा प्रयोग पुण्याचे इंजिनिअर सुरेश यांनी सुरू केला. गाडी चालवायचा गुहागरकडचा भिवा. त्याला माझं भारी कौतुक.

"धूर नाही, काजळी नाही. ही गाडी नाय हबीबी, साधू आहे साधू!" तो तिथल्या अरबी शब्दांची फोडणी देत सगळ्यांना सांगायचा.

पहिलं वर्ष सगळे मला बघायला येत. मग कुणी येईना. माझा रंग उन्हाने उडाला. दुपारी ऊन चढलं की माझ्यातला दाबही चढे, आणि माझ्या तोंडाशी असलेला नळीचा जोड खडबडीत रस्त्यांनी हळूहळू सैल होत होता. एकदा भिवाला पुसटसा वास आला.

"इन्शाल्ला, पुढच्या सर्व्हिसला बघू," तो म्हणाला. मला बोलता आलं असतं, तर मी ओरडलो असतो.

आणि दसरा आला. आपली माणसं दसऱ्याला यंत्रं पुजतात, गाड्या पुजतात. भिवाने मला पुसून झेंडूची माळ घातली. पण बाहेर समुद्राचा वारा निरांजन टिकू देईना. म्हणून त्याने गाडी रिपेअर शेडमध्ये घेतली आणि शटर खाली ओढलं. त्याच वेळी तो सैल जोड गळू लागला.

मित्रांनो, घरच्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो. माझा गॅस हलका. तो वर जातो आणि छपराखाली साठतो. हे भिवाला ठाऊक नव्हतं. गावाकडे शिकल्याप्रमाणे तो ओणवा झाला, त्याने जमिनीलगत हुंगून पाहिलं.

"वास नाय. यल्ला, चला लवकर, साहेब येतायत, आरती करू!" त्याने खिशातून माचिस काढली.

शेडमधला मदतनीस, सोलापूरकडचा समाधान, शिडीवर चढून छताच्या पाइपला तोरण बांधत होता. तो एकदम खोकला.

"भिवाभाऊ, वर लई वास मारतोय!"

"वर? गॅस काय कबूतर हाय का रे, उडायला?" भिवाने काडी पेटीवर टेकवली.

बाजूच्या दारातून आत येणाऱ्या सुरेशसाहेबांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"भिवा! हात तिथंच. काडी ओढायची नाही." आवाज अगदी हळू होता. "समाधान, सावकाश खाली उतर."

समाधान उतरला आणि वास घालवायला एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे वळला.

"नको! बटणाची ठिणगीसुद्धा बास आहे!"

त्या क्षणी माझं सगळं पोलाद आक्रसल्यासारखं झालं. तिघंही माझ्याभोवती होते, आणि त्यांचं काही वाईट झालं असतं तर ते माझ्या पोटातल्या गॅसनेच झालं असतं.

साहेबांनी हाताने साखळी ओढून शटर वर केलं. माझा व्हॉल्व्ह हातानेच बंद केला. वारा आत शिरला. तिघं लांब वाळूत जाऊन बसले.

"साहेब, मी खाली बघितलं होतं हो," भिवा शेवटी म्हणाला. त्याची माचिस अजून मुठीत होती.

"मला माहितेय. मीच कधी सांगितलं नाही तुला," साहेब म्हणाले.

आता मी निकामी झालो आहे. कुणी पुन्हा भरू नये म्हणून माझ्या पाठीला भोक पाडलं आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण माझ्यासारखे कितीतरी सिलिंडर गाड्यांमधून फिरतात. मित्रांनो, त्यांना हार घाला, हळदकुंकू लावा. फक्त त्याआधी त्यांचे जोड तपासून घ्या, शेडचं दार उघडा आणि आत कोणता गॅस आहे ते विचारा. आमची पूजा त्यानेच होते.