एकतीस मार्च चालू आहे

यंत्र कधीही खोटं बोलत नाही, असं पुण्याच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणात वामनराव मुळमुल्यांना गंभीरपणे सांगण्यात आलं होतं. म्हणून रोज सकाळी पहिलं खोटं वामनराव स्वतः बोलत.

आजही त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, संगणकाच्या थंड खोलीत शिरले आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं, खाकरलं आणि रोजच्यासारखी त्याने तारीख विचारली. त्याच्या पोटातलं घड्याळ नागपूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडलं होतं. वामनरावांनी आधी महिना, मग दिवस, अशा त्या उफराट्या अमेरिकन रीतीने टाइप केलं : ०३-३१-८८.

भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवार, सत्तावीस जून होता.

याला कारण होतं. विहीर निरीक्षण खात्याच्या या विभागीय कार्यालयाने एकतीस मार्चपर्यंत चारशे बारा विहिरींची तपासणी करायची होती. एकतीस मार्चच्या संध्याकाळी दोनशे नऊ झाल्या होत्या. कृष्णकांत साहेबांनी तोंडी आदेश दिला की मार्चचं काम मार्चमध्येच संपलं पाहिजे, आणि ते संपेपर्यंत यंत्रात दुसरी तारीख शिरता कामा नये. तेव्हापासून त्या खोलीत मार्च चालू होता. शोभाताई टंकलेखिका आठवड्याला सहा-सात विहिरी मनाने तपासत. कळमेश्वर तालुक्यातल्या विहिरींना त्यांनी उदार हाताने पाणी दिलं होतं.

खोलीत एक वास असे. सगळ्या इमारतीत एअर कंडिशनर इथे एकच, तोही यंत्रासाठी; त्यामुळे जूनमध्ये अख्खं कार्यालय काही ना काही निमित्ताने इथे येऊन उभं राही. चपला-बूट बाहेर काढायचे हा नियम, म्हणून मोजे आत. साहेबांच्या घरचे आंबे कपाटामागे गोणपाटावर. साहेबांचा डबा प्रिंटरवर. आणि दुपारी दोन ते साडेतीन खुद्द साहेब, आरामखुर्चीत, उघड्या तोंडाने. आंबे, मोजे आणि झोपलेला अधिकारी यांचा मिळून जो वास होतो, त्याला खात्यात ‘संगणकीकरण’ म्हणत.

त्या सोमवारी वामनरावांच्या हातात एक पाकीट होतं. मुंबईच्या मुख्यालयाने प्रणालीची सुधारित आवृत्ती तीन फ्लॉप्यांवर पाठवली होती. सोबतच्या पत्रात सुधारणा दिल्या होत्या : हजेरीचा गोषवारा रोज आपोआप छापला जाईल, पदनामाचा रकाना आटोपशीर केला आहे, सेवानिवृत्तांची नावं आपोआप वगळली जातील. शेवटी वाक्य होतं की पदोन्नतीची पात्रता यादी या आवृत्तीतूनच काढावी. तीस जूनपर्यंतच्या टपालात पडलेली यादीच ग्राह्य धरली जाईल.

तीस जूनला वामनराव निवृत्त होणार होते.

मुख्य लिपिकाचं काम ते अकरा वर्षं करत होते. त्यांच्या टेबलावरच्या लाकडी पाटीवर मात्र ‘प्रभारी मुख्य लिपिक’ असं होतं. प्रभारी म्हणजे काम तुमचं, खुर्ची कोणाचीच नाही. यादीत नाव गेलं असतं तर निवृत्तीच्या आदेशातून तो एक शब्द गळाला असता. वामनरावांना आयुष्यात आणखी काही गाळायचं राहिलं नव्हतं.

त्यांनी पहिली फ्लॉपी खाचेत सरकवली. यंत्राने ती चघळली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं : इनव्हॅलिड डेट. इन्स्टॉलेशन बंद.

“का म्हणते जी?” कवडू शिपायाने विचारलं. तो फडकं घेऊन आला होता, पण मुळात गारव्याला आला होता.

“तारीख बरोबर नाही म्हणते.”

“कोनाची?”

हा एक प्रश्न त्या आठवड्यात कोणीतरी बरोबर विचारला होता. तो शिपायाने विचारला असल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

साहेबांनी मुख्यालयाचं पत्र उजेडात धरलं. “वीस जूनचा शून्य खोडल्यासारखा दिसतो. पत्राची तारीखच अवैध असेल तर यंत्र तरी काय करणार? मुंबईला विचारा.”

मुंबईला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत शोभाताईंचे अकरा विहिरींचे अंदाज आणि एका स्वेटरची बाही झाली. मुंबईने सांगितलं की पत्राची तारीख बरोबर आहे, आणि तुमच्याच कार्यालयाकडून अशा तक्रारी काहून येतात ते लेखी कळवावं. ‘काहून’ मुंबईने म्हटलं नव्हतं. शोभाताईंनी निरोप सांगताना घातलं.

मंगळवारी वामनरावांनी सगळं करून पाहिलं. फ्लॉपी मऊ कापडाने पुसली. दुसरी आधी घातली. यंत्र बंद करून दहा मिनिटं थांबले, पुन्हा चालू केलं, तारीख विचारली तेव्हा ०३-३१-८८ घातली, पुन्हा तेच उत्तर वाचलं. असं सात वेळा. नव्वद दिवस घातलेली तारीख आता बोटांची झाली होती. डोळ्यांचा तिच्याशी संबंध राहिला नव्हता.

“आज मंगळवार आहे नं, वामनरावजी,” शोभाताई म्हणाल्या. “मंगळवारी नवं काही बसवत असतात काय? मी तं कुकरची रिंग बी बदलवत नाही.”

“यंत्राले वार कळतो काय वं?”

“तारीख कळते तं वार काहून नाही कळत?”

वामनरावांनी फ्लॉपी पुन्हा पुसायला घेतली. साहेब आरामखुर्चीत घोरत होते. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि अंगठा तिथून कामकाजावर लक्ष ठेवून होता.

बुधवारी सीताबर्डीहून चंद्रभान आला. पंचवीस वर्षं त्याने शहरातले टाइपरायटर दुरुस्त केले होते. आता त्याच पेटीत तो संगणकांचेही पेचकस बाळगत असे. त्याने बूट काढले, नाकाला रुमाल लावला आणि स्टूल ओढलं.

“चालू करा जी. मी पाह्यतो.”

वामनरावांनी चालू केलं. तारीख आली. बोटं चालली.

“थांबा, थांबा. हे का टाकलं?”

“तारीख.”

“कोणती?”

“एकतीस मार्च.”

“आज का आहे?”

वामनरावांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग आपल्या बोटांकडे, ती दुसऱ्या कोणाची असावीत तशी.

“अरे बाप्पा,” ते म्हणाले.

“ही आवृत्ती जूनमधली आहे जी. तुम्ही तिले मार्चमध्ये बसवून राहिले. जन्माच्या आधी मुंज करायले गेले तुम्ही!” चंद्रभान हसला. कोणी हसत नाही असं पाहून त्याने रुमाल पुन्हा लावला. “आजची तारीख टाका, पाच मिनिटांचं काम आहे.”

साहेबांना उठवण्यात आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंड पुसलं आणि विचारलं, “जून केला तर विहिरींचं काय?”

“आज ज्या विहिरी भराल त्या जूनच्या होतील,” चंद्रभान म्हणाला.

“म्हणजे मार्चमध्ये आम्ही काही केलं नाही असं दिसेल.”

“मार्चमध्ये भरल्या नाही, असं दिसन.”

“तेच म्हणतो मी! एकशे बावीस विहिरी राहिल्या आहेत.” साहेब वामनरावांकडे वळले. “हा धोरणात्मक प्रश्न आहे. टिपणी ठेवा.”

“साहेब, उद्या माझा शेवटचा दिवस आहे.”

“म्हणून तर म्हणतो, व्यवस्थित टिपणी ठेवा. जाता जाता ठपका नको.”

वामनरावांनी टिपणी ठेवली. ‘यंत्रातील दिनांक तात्पुरता वास्तव दिनांकाशी जुळवण्यास मान्यता मिळणेबाबत.’ साहेबांनी तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि आंब्यांची पिशवी घेऊन घरी गेले. चर्चा कोणाशी, ते लिहिलं नव्हतं.

गुरुवारी, तीस जूनला, साहेब सकाळपासून बैठकीत होते. वामनराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. इंदुताईंनी, त्यांच्या पत्नीने, खिशाला नवं पेन लावून दिलं होतं. टपालाची पिशवी पाचला निघत असे. दोन वाजले, तीन वाजले. चंद्रभान स्टुलावर बसून शोभाताईंच्या टाइपरायटरचा ‘क’ मोकळा करत होता. चार वाजून दहा मिनिटांनी साहेब आले आणि उभ्याउभ्या लिहिलं : ‘खास बाब म्हणून पंधरा मिनिटांसाठी जून करण्यास मान्यता.’

वामनरावांनी ०६-३०-८८ टाइप केलं. बोट दोनदा मार्चकडे गेलं, दोनदा परत आणलं.

यंत्राने तिन्ही फ्लॉप्या विनातक्रार गिळल्या. सहा मिनिटं. मग प्रिंटर किंचाळला आणि पात्रता यादी बाहेर आली. नऊ नावं होती. वामनरावांनी ती वरून खाली वाचली आणि मग खालून वर.

“माझं नाही,” ते म्हणाले.

चंद्रभानने पत्र मागून घेतलं, पडद्यावर काहीबाही काढून पाहिलं. “निवृत्तांची नावं वगळते नं ते. त्यानं ‘त्या तारखेले किंवा तिच्या आधी’ असं घालून ठेवलं. तुम्ही आज पाच वाजता निवृत्त. यंत्राच्या हिशेबानं सकाळीच झाले.”

“आणि काल?”

“काल टाकलं असतं तं पहिलं नाव तुमचं.”

साहेब प्रिंटरवरून डबा उचलत होते. “पंधरा मिनिटं होत आली हं,” ते म्हणाले आणि बाहेर गेले.

चंद्रभान खाली वाकला. आवाज लहान केला. “वामनरावजी, एकोणतीस टाका न. काढा यादी. कोण पाह्यते? तीन महिने तुम्ही मार्च टाकून राहिले, एक दिवसानं का आभाळ पडते?”

वामनरावांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तारीख आली. ठिपका लुकलुकत राहिला. शोभाताईंनी विणकाम थांबवलं. कवडू फडकं हातात धरून उभा राहिला. वामनरावांनी शून्य दाबलं, सहा दाबलं, आडवी रेघ दाबली, आणि हात मांडीवर ठेवले.

“ते विहिरींचं खोटं सरकारी होतं गा,” ते म्हणाले. “हे माझं होईल.”

“अजी, तुमचं कोण म्हणते! यंत्राचं म्हना!” कवडू म्हणाला.

वामनरावांनी तीस घातलं, अठ्ठ्याऐंशी घातलं. नऊ नावांची यादी पुन्हा छापली, कारण पहिल्या प्रतीवर डब्यातल्या भाजीचं तेल सांडलं होतं. स्वतः पाकिटात घातली, स्वतः डिंक लावला. पाचच्या पिशवीत पडली.

निरोपसमारंभ त्याच खोलीत झाला, गारव्यासाठी. सगळे मोज्यांवर उभे होते. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि ‘आपले प्रभारी मुख्य लिपिक’ यांच्या प्रामाणिकपणावर चार मिनिटं बोलले. मधे त्यांना जांभई आली. पाटी कवडूने कागदात गुंडाळून वामनरावांना दिली. ती खात्याची मालमत्ता असल्यामुळे दारापाशी परत घेतली.

शुक्रवारी, एक जुलैला, यंत्र शोभाताईंनी चालू केलं. त्याने तारीख विचारली. विहिरी राहिल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या आदेशानुसार ०३-३१-८८ घातलं. बसवून झालेली सुधारित आवृत्ती आता कुरकुरली नाही. तिच्या लेखी एकतीस मार्चला वामनराव मुळमुले सेवेत होते, आणि त्या दिवशीच्या हजेरीत त्यांची सही नव्हती. हजेरीचा गोषवारा आपोआप छापला गेला. त्यावरून कारणे दाखवा नोटीस निघाली. साहेबांनी तिच्यावर आरामखुर्चीतून सही केली.

सोमवारी कवडू सायकल मारत महाल भागात वामनरावांच्या घरी आला. ओट्यावर घाम पुसत उभा राहिला.

“मी म्हटलं साहेबाले, ते तं गेले नं जी. साहेब म्हणे यंत्र खोटं बोलते काय?”

“बस गा. पाणी पी.”

इंदुताईंनी पाणी आणि गुळाचा खडा आणला. वामनरावांनी चष्मा लावला. नोटीस इंग्रजीत होती : परवानगीशिवाय गैरहजर का राहिलात, सात दिवसांत खुलासा करावा. वर त्यांचं नाव आणि खाली पदनाम होतं. आटोपशीर रकान्यात ‘हेड क्लर्क’ एवढंच मावलं होतं. त्यापुढचा ‘इन-चार्ज’ कापला गेला होता.

वामनरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग कागद इंदुताईंकडे दिला. इंदुताईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वामनरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“पोच द्या जी,” कवडू म्हणाला.

त्यांनी नव्या पेनाने वळणदार सही केली आणि खाली तारीख घातली : चार जुलै एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

बुधवारी पोच परत आली. तिच्यावर शेरा होता : दिनांक चुकीचा.