पार्टी नक्की कुणाची

रिटायरमेंटचे पैसे हातात पडले आणि शांतारामांना एकदम उपरती झाली. मनवेलपाड्याच्या चाळीत दोन खोल्या, त्यात थोरल्या भावाचं अख्खं कुटुंब आणि हे दोघं, असं बावीस वर्षं चाललं होतं. आता बास. सरोजिनीला तिचं स्वतःचं स्वयंपाकघर द्यायचं, उशिरा का होईना, पण द्यायचंच. परेश नावाच्या विरारच्या एजंटनं वसईत होळी नावाच्या नाक्याच्या बाजूला एक वन बीएचके दाखवला, खिडकीतून केळीच्या वाड्या दिसणारा. शांतारामांनी बायकोला नेऊन दाखवला, तिनं मान डोलावली, टोकन दिलं. झालं, इतकं सरळ काम.

सरळ कसलं डोंबलाचं! चौथ्या दिवशी वसईचा मर्विन नावाचा एजंट उगवला आणि म्हणाला, ही पार्टी माझी आहे.

पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, एवढं शांतारामांना समजलं. पण आपण या माणसाचे गिऱ्हाईक कधी झालो, ते काही केल्या समजेना. याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचं म्हणणं, हा फ्लॅट याच पार्टीला आधी मी दाखवला, दलाली माझी. परेशचं म्हणणं, नुसतं दाखवून काय होतं, सौदा मी जुळवला. दोघंही फोनवर तावातावानं बोलत आणि ज्याचं ऐकावं तोच खरा वाटे. त्यात घरमालक फर्डिनंड यांनी हात वर केले. रविवारपर्यंत तुमचं मिटवा, नाहीतर टोकन परत, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. शांतारामांचा जीव टांगणीला लागला. आयुष्यात एक गोष्ट बायकोसाठी करायला निघालो, तीही हातची जाते की काय!

रविवारी सकाळी फर्डिनंड किल्ली देऊन चर्चमध्ये मिस्सेला गेले आणि नवरा-बायको नि दोन एजंट असे चौघं त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये जमले. बसायला काही नव्हतं, म्हणून उभ्याउभ्याच भांडण जुंपलं. थोडा वेळ ऐकून शांताराम मर्विनला म्हणाले, तुमची कायतरी गफलत होतेय, मी तुम्हाला ओळखत नाही.

“अंकल, तुम्ही नाही,” मर्विन म्हणाला. “आंटी.”

त्यानं पिशवीतून एक कागद काढला. घर दाखवलं की एजंट असा फॉर्म भरून पार्टीची सही घेतात, उद्या दुसरा कुणी हक्क सांगायला आला तर पुरावा हवा म्हणून. तारीख जानेवारीतली. खाली सही सरोजिनीबाईंची, शंकाच नको.

शांतारामांना आधी चक्क आनंद झाला. म्हणजे हिनंही आपल्यासाठी गुपचूप घर शोधलं, आणि नेमकं हेच! मग वाटलं, अरेच्चा, तर मी दाखवायला आणलं तेव्हा ही पहिल्यांदाच बघतेय अशी का वागली? त्या दिवशी ती कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली होती आणि अडकणारी खिडकी तिनं बरोबर वर उचलून उघडली होती. त्यांचं डोकं गरगरायला लागलं.

तेवढ्यात परेशनं कागद ओढून घेतला आणि त्याला जोर चढला. हा फॉर्म भाड्याचा आहे, म्हणाला, नऊ हजारांपर्यंत लिहिलंय, विक्रीशी याचा संबंध काय? मर्विन म्हणाला, मालकानं नंतर विकायचं ठरवलं, त्याला मी काय करू, घर तेच आणि पार्टी तीच. शांताराम मधेच बघायला वाकले. भाड्याच्या खाली एक रकाना होता, राहणारी माणसं किती. त्यापुढे लिहिलं होतं, एक.

“हे एक म्हणजे कोण गं?”

“मी,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

बाईंनी मग शांतपणे सगळं सांगितलं. भावाला सोडून मी कुठं जाणार नाही, हे तुम्हीच बावीस वर्षं ऐकवलंत. शेवटी मी माझी सोय बघितली. ब्लाउज शिवून भाडं निघत होतं, डिपॉझिट जमत आलं होतं, आणि तुम्ही मला हात धरून इथंच आणलंत.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? मी सुटले की सापडले, हेच मला कळेना.”

दोन्ही एजंटांनी एकमेकांकडे न बघता दलाली अर्धी-अर्धी कबूल केली. त्यांना तिथून निघायची घाई झाली होती. सौदा वाचला होता, घर हातात होतं. पण या बाईशी आपण रोज बोलतो, असा शांतारामांचा आजवर समज होता. परक्या माणसांसमोर आहोत याचंही त्यांना भान राहिलं नाही.

“मग मी येऊ का इथं राहायला?” त्यांनी विचारलं.

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर.

“ते मी अजून ठरवलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि रजिस्ट्रेशनला दोघा एजंटांपैकी कोण येणार, ते मर्विनला विचारू लागल्या.