उरलेला खोका

दुकानदाराने दोन खोके काउंटरवर ठेवले तेव्हा आधी मी निवडला. हे मी कुणाला सांगत नाही, पण सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. दोन्ही खोक्यांत एकाच नमुन्याचा प्रोसेसर होता. मी उजवीकडचा उचलला. उरलेला माझ्या मावसभावाने न बघताच पिशवीत टाकला आणि दुकानदाराच्या मांजरीची चौकशी करत उभा राहिला.

मावसभावाला घरात सगळे शांतोबा म्हणतात. तो माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा, आणि ती तीन महिन्यांची आघाडी त्याने आजवर कधी सोडलेली नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटा राहतो, चष्म्याच्या दुकानात काम करतो. मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत रंग किती वेळात वाळतो ते मोजते. मोजमाप हे माझं काम, म्हणून गेम खेळायची दोघांची मशीन मीच जुळवली आणि दोन्ही ओव्हरक्लॉकही मीच केली. म्हणजे प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळायला लावलं.

वेग मोजायच्या चाचणीत त्याच्या मशीनला तेवीस हजार चारशे गुण मिळाले. माझ्या मशीनला वेग वाढवण्याआधी बावीस हजार मिळत होते, वाढवल्यावर एकवीस हजार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोज संध्याकाळी आम्ही आपापल्या घरून एकमेकांशी गाड्यांची शर्यत खेळायचो. पहिलं मिनिटभर माझी गाडी बरी पळायची, मग चित्र अडखळायला लागायचं. शांतोबा पुढे निघून जायचा आणि डोंगराच्या वळणावर गाडी थांबवून माझी वाट बघायचा. त्याने मला सरळ हरवलं असतं तरी चाललं असतं. ते वाट बघणं मात्र मला सहन होत नव्हतं.

मी क्रमाने सगळं तपासलं. मेमरी काढून पुन्हा बसवली, वीजपुरवठ्याच्या तारा बदलल्या, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. प्रोसेसरचं तापमान दर सेकंदाला नोंदवून आलेख काढला. सहासष्ट अंशांच्या वर एकदाही गेलं नव्हतं. जाणार तरी कसं? माझ्याकडे पाण्याचा कूलर होता, नळ्यांमधून पाणी फिरवून उष्णता मशीनच्या छताच्या जाळीपर्यंत नेणारा. शांतोबाकडे पंख्याचा साधा, सगळ्यात स्वस्त. त्याच्यापेक्षा एक तरी गोष्ट वरचढ असावी म्हणून मी तो महागडा घेतला होता.

म्हणजे दोष प्रोसेसरमध्येच होता. एकाच नमुन्याच्या प्रोसेसरांतही एखादा जास्त दमाचा निघतो, हे मला माहीत होतं. दमाचा तो त्याच्या वाट्याला गेला होता, मी आधी निवडूनसुद्धा. आई तर म्हणालीच, अगं, त्याचं नशीबच तसं, लहानपणी खाऊच्या पुड्यातसुद्धा शिट्टी त्यालाच मिळायची. ती हसत होती. माझ्या पोटात दुखत होतं.

त्याच आठवड्यात शांतोबाने मला एक काम सांगितलं. त्याच्या मशीनचा पंखा फार घोंघावत होता. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी पेस्ट मी बदलून द्यावी. त्याच्या हाताला असली बारीक कामं जमत नाहीत. त्याच्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात कायम असायचीच. तू दुकानात असताना करून टाकते, असं मी म्हटलं.

गुरुवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. आधी माझा प्रोसेसर काढून डबीत ठेवला, मग वर गेले. त्याचा काढला, माझा बसवला, नवी पेस्ट लावली, कूलर घट्ट केला. दोन्ही प्रोसेसर हुबेहूब सारखे, फरक फक्त कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांचा, आणि ते बघायची शांतोबाला गरज कधी पडली नव्हती. निघताना मी त्याच्या टेबलावरची धूळसुद्धा पुसली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "तेवीस हजार नऊशे," तो म्हणाला. "तुझ्या हाताला गुण आहे गं."

माझ्या मशीनमध्ये त्याचा प्रोसेसर होता. मला मिळाले वीस हजार नऊशे.

त्या रात्री मी जेवले नाही आणि आईला सांगितलं, मला ॲसिडिटी झालीय. आतापर्यंत मी शांतोबावर जळत होते. आता मी टाकून दिलेल्या माझ्याच प्रोसेसरवर जळायला लागले.

पण एक गोष्ट लख्ख कळली. प्रोसेसर बदलूनही दुखणं माझ्याच घरी राहिलं होतं, तेव्हा दोष प्रोसेसरचा नव्हताच. शनिवारी मी प्रयोगशाळेतून लांबूनच तापमान मोजणारा थर्मामीटर विचारून घरी आणला. रविवारी दुपारी कॅबिनेटची बाजू उघडली, चाचणी सुरू केली आणि मदरबोर्डवर एकेक इंचावर तो रोखत गेले. नळ्या कोमट. मेमरी ठीक. प्रोसेसरच्या शेजारी एक काळा धातूचा ठोकळा असतो. त्याखालचे भाग प्रोसेसरला वीज पुरवतात. तिथे आकडा आला एकशे बारा.

तो ठोकळा इतका तापत होता की मदरबोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कापत होता. शांतोबाच्या स्वस्त कूलरचा पंखा खाली बोर्डावरच वारा सोडायचा, त्यामुळे त्याचा ठोकळा आपसूक थंड राहायचा. माझ्या महागड्या कूलरने प्रोसेसरची उष्णता तेवढी छताला नेली. बोर्डापाशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. माझ्या आलेखात चूक नव्हती. मी फक्त मला हवं तेच मोजत होते.

मी टेबलफॅन आणून उघड्या कॅबिनेटसमोर ठेवला. चोवीस हजार शंभर.

आनंद दोन मिनिटं टिकला असेल. हा आकडा शांतोबाच्या प्रोसेसरचा होता. माझा त्याच्याकडे तेवीस हजार नऊशेवर पळत होता, पण ते प्रोसेसरमुळे की नव्या पेस्टमुळे? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी दोन बदलल्या होत्या. दोघांतला दमाचा कोणता, हे आता सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात शांतोबा आला. फॅनचा आवाज जिन्यात ऐकून आला होता. स्क्रीनवरचा आकडा वाचला आणि त्याचा चेहरा खरोखरच खुलला.

"वा. आता वळणावर तू थांब माझ्यासाठी."

तो हे म्हणाला नसता तर मी कदाचित गप्प बसले असते.

"यातला प्रोसेसर तुझा आहे," मी म्हटलं. "गुरुवारी बदलला. माझा तुझ्याकडे आहे."

तो पलंगाच्या कडेवर बसला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला. दुकानात गिऱ्हाइकांना तो असं कधी करू देत नाही, काच चरते म्हणून. मी घाईने सांगत सुटले: पेस्ट अजून ओली आहे, वीस मिनिटांत दोन्ही परत जागेवर बसवते, आणि मग दोघांतला चांगला कोणता तेही कळेल.

"कळल्यावर काय करशील?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

"राहू दे आहेत तिथेच," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "किल्ली दे."

मी जुडगा दिला. कडी घट्ट होती. त्याने नखाने ती उघडायचा प्रयत्न केला, दोनदा निसटली, नख दुमडलं. शेवटी त्याने जुडगा परत माझ्या हातात दिला आणि मीच त्याची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"पेस्ट चांगली लावलीयस," जाताना तो म्हणाला. "पंखा घोंघावत नाही आता."

फॅन चालूच होता. वरच्या मजल्यावर उजवीकडच्या खोक्यातला, मी स्वतः निवडलेला प्रोसेसर होता, आणि तो आणखी किती पळेल हे मोजायची सोय आता मला राहिली नव्हती.