आजोबांच्या सीटवरून

मित्रांनो, मी एक जुना, टेपवर चालणारा व्हिडिओ कॅमेरा आहे. जन्माने जपानी, पण उभे आयुष्य गेले ते कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतातल्या एका छोट्या गावच्या शाळेत.

हॅलवर्सन बाई मला तान्ह्या बाळासारखे जपून वर्गात आणत. खालून टिपले की किडकिडा पोरगाही पहिलवान दिसे आणि वरून टिपले की मुख्याध्यापकही बापुडे. मुले खिदळत. बाई म्हणत, "हसून झालं? आता ज्याला टिपायचंय, त्याच्या जागी बसून बघा."

वर्गातल्या लारिसाने ते फारच मनावर घेतले. तिचे आजोबा ऑरेस्ट गावच्या स्केटिंग रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी तीस वर्षे चालवत होते. हल्ली गेटाजवळच्या कोपऱ्यात त्यांच्या हातून बर्फाचा एक पट्टा खडबडीतच राहून जाई. त्यांना काढायचे, असे रिंकच्या समितीत घाटत होते.

"म्हातारा आळसावलाय म्हणे! वर बसून बोलायला यांचं काय जातंय?" लारिसा चिडली. आजोबांच्या सीटवरून फिल्म काढून ती समितीला दाखवणार होती.

तिने मला त्यांच्या खांद्याशी धरले. कोपरा जवळ आला तसे आजोबा पुटपुटू लागले. सात म्हणताच त्यांनी चाक वळवले.

"मोजताय काय, आजोबा?"

"डाव्या बाजूचं दिसत नाही गं. मोजून वळवतो."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. आजीला सांगशील तर बघ!"

गाडी थांबल्यावर लारिसा रडवेली झाली. "मी हे पुसून टाकते. कुणाला कळणार नाही."

"आधी दाखव तरी."

माझ्या चिमुकल्या पडद्याला त्यांनी उजवा डोळा लावला. गेटापाशी एक चिमुरडी स्केटच्या नाड्या बांधत बसली होती. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली होती. आजोबांना ती दिसली नव्हती आणि लारिसाचे लक्ष त्यांच्या तोंडाकडे होते.

त्यांनी मला लारिसाच्या हातात परत दिले. मग म्हणाले, "पुसू नकोस. मीच दाखवतो."

समितीपुढे त्यांनी मला ठेवले आणि शेजारी गाडीची किल्ली. मला तेव्हा फार वाईट वाटले. आजही वाटते.

पुढच्याच वर्षी नवे कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो. कधीतरी माझी धूळ झटकलीत तर बरे वाटेल. पण त्याआधी आपल्या माणसाच्या शेजारी जरा बसा आणि त्याला काय दिसते ते विचारा.

कपाटाच्या काचेतून मला रस्ता दिसतो. शाळा सुटली की आजोबा लारिसाला न्यायला येतात. ती नेहमी त्यांच्या डाव्या बाजूने चालते.