बारा आण्यांची मेथी

गायधनी सरांनी आयुष्यभर अनुदानाला नावं ठेवली. भाव हुकमानं बांधता येत नाहीत, कुणी बांधलेच तर माल दुकानातून गायब होतो आणि बोजा शेवटी तिजोरीवर पडतो, हे त्यांनी नाशिक रोडच्या कॉलेजात तेहतीस वर्षं शिकवलं. अशा माणसानं वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी जेल रोडच्या कोपऱ्यावर मेथीचा भाव पंचाहत्तर पैसे बांधून दिला आणि वरचा सगळा खर्च स्वतःच्या पेन्शनमधून भरायला घेतला. कुणा जुन्या विद्यार्थ्याला हे कळलं असतं तर त्यानं फी परत मागितली असती.

पण ते शिकवत होते तेव्हाचे दिवसच वेगळे होते. कॉलनीतले निम्मे लोक प्रेसमध्ये कामाला. दिवसभर नोटा छापून संध्याकाळी ते ढुंढिराज गायधनींच्या ओट्यावर येऊन बसत आणि सर त्यांना समजावत, की नोटा जास्त छापल्या की महागाई कशी होते. "म्हणजे सर, उद्या रजा टाकू का?" असं कुणीतरी विचारायचं आणि हशा व्हायचा. फेब्रुवारी संपताना बजेटच्या संध्याकाळी तर ओट्यावर सतरंजी पडायची. मध्ये रेडिओ, त्याला खेटून सर. राजकोषीय तूट, परकीय गंगाजळी, रुपयाचं अवमूल्यन असे शब्द चहाच्या कपांवरून इकडून तिकडे जायचे. सर अगदी रंगात आले, की आतल्या दारातून त्यांच्या पत्नीचा, श्यामलाबाईंचा आवाज यायचा, "ते सगळं खरं, पण रॉकेलचं काय ठरलं?"

सगळे हसायचे. सर चिडायचे. आता त्या ओट्यावर कुंड्या आहेत आणि हसणाऱ्यांपैकी बहुतेक जण फोटोत आहेत. बजेट मोबाइलवर येतं, तेही सकाळी, आणि रॉकेलचं काय ठरलं हे विचारणारं कुणी नाही. त्या संध्याकाळींची आठवण आली की सर उगाच चष्मा पुसत बसायचे.

श्यामलाबाई घरातच होत्या. पण दोन वर्षांपासून त्या हळूहळू मागे मागे निघाल्या होत्या. आधी कालचं विसरलं, मग गेलं वर्ष. गॅस चालू राहायला लागला तसा स्वयंपाक सुटला. देवाची पूजा अर्ध्यावर राहायला लागली. शेवटी त्यांच्या हातात एकच काम उरलं. सकाळी दहाला केस नीट करून, पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या झुंबरच्या हातगाडीवर जायचं आणि भाजी घेऊन यायचं. आल्यावर टेबलाशी बसून मेथी निवडायची. त्या दोन तासांत त्या पूर्वीच्या श्यामलाबाई असायच्या, कुणाला संशय आला नसता.

घासाघीस तर त्यांची जेल रोडभर प्रसिद्ध होती. सरांना तिची फार लाज वाटायची. बाजारात त्या भाव करायला लागल्या की सर दहा पावलं पुढे जाऊन दुसऱ्याच्याच नवऱ्यासारखे उभे राहायचे. "हा तुझा छंद आहे. चार आण्यांनी आपण काही श्रीमंत होत नाही," असं घरी आल्यावर ऐकवायचे. त्या हसून मेथी निवडायला घ्यायच्या.

मग एका सकाळी श्यामलाबाई रिकामी पिशवी घेऊन रडत परत आल्या. झुंबरनं जुडीचे वीस रुपये सांगितले होते. त्यांच्या डोक्यात त्यांची मुलगी यशश्री अजून दुसरीत होती, आणि यशश्री दुसरीत असताना जुडी बारा आण्याला मिळत होती. "अहो, तो मला वेडी समजतो," त्या म्हणाल्या. पुढचे चार दिवस त्या खिडकीशी बसून राहिल्या, केसही विंचरले नाहीत. औषधापेक्षा हे बाजाराचं काम त्यांना जास्त धरून आहे, ते सुटू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाचव्या दिवशी सर स्वतः झुंबरकडे गेले.

"तिला बारा आण्यालाच द्यायची. वरचे पैसे माझ्याकडून महिन्याला घेऊन जा."

झुंबर सिन्नरकडचा. त्यानं डोकं खाजवलं. "मला काय सर, पैसं मिळाल्याशी मतलब. पण काकू रुपया देत्याल आन् चार आणे परत मागत्याल. चार आणे आनू कुठून? ते बंद हुन लय वर्सं झाली."

म्हणजे चलनाचा प्रश्नही आला. सर पंचवटीत गेले. तिथे जुनी नाणी विकणारा एक जण बसतो. चार आण्याचं एक नाणं त्यानं दहा रुपयांना सांगितलं. सरांनी जन्मात पहिल्यांदा घासाघीस करून पाहिली, तर त्यानं बारा सांगितले. दहालाच घेऊन सर घरी आले, पण वीस नाणी घेऊन आले.

व्यवस्था बसली. श्यामलाबाई रुपया द्यायच्या, झुंबर मेथी आणि वर चार आणे द्यायचा, त्या ताठ मानेनं घरी यायच्या. दुपारी त्या झोपल्या, की सर त्यांच्या बटव्यातून ते नाणं काढून झुंबरला नेऊन द्यायचे. रिझर्व्ह बँकेचं काम किती कटकटीचं असतं ते सरांना आता कळलं. शेजारच्या उज्वलाताईंना या योजनेचा सुगावा लागला. "मलाही त्याच भावानं दे की रे," म्हणून त्या झुंबरच्या मागे लागल्या. तेव्हा अनुदान फक्त गरजूंनाच कसं पोचवायचं या विषयावर सरांना गाडीशी उभं राहून पाच मिनिटं बोलावं लागलं. उज्वलाताई विसाची जुडी घेऊन निघाल्या. ऐकताना त्यांचे डोळे भरले होते, ते सरांच्या नंतर लक्षात आलं.

पुढे एक अडचण आली. बटव्यात नाणं सापडेना. श्यामलाबाई ते कुठेतरी ठेवून द्यायला लागल्या होत्या. सरांनी हिंगाची डबी पाहिली, डाळीचे डबे उपसले, देव्हाऱ्याचा खण पाहिला. एकही नाणं हाती लागलं नाही. वीसची दहा झाली, दहाची चार. त्याच आठवड्यात महागाईचा दर कित्येक वर्षांत इतका खाली नव्हता अशी पेपरात बातमी होती. सरांनी ती दोनदा वाचली आणि एकटेच हसले. त्यांच्या घरात महागाई चाळीस वर्षं मागे गेली होती आणि तिजोरी रिकामी होत चालली होती.

भाद्रपदात झुंबरच्या आईचं आजारपण निघालं. तो गावी गेला आणि गाडीवर त्यानं ओळखीच्या एकाला उभं केलं. जाताना त्याला समजावून सांगायचं मात्र विसरला. पाऊस लांबलेला, भाज्या कडाडलेल्या. श्यामलाबाईंनी नेहमीप्रमाणे रुपया पुढे केला. तो माणूस खो खो हसला. "आजी, कंच्या जमान्यात हाय तुमी? चाळीसला जुडी हाय."

श्यामलाबाईंनी जुडी त्याच्या अंगावर फेकली आणि ओल्या रस्त्यावर बसकण मारली. "चोर आहे हा, चोर!" लोक जमले. कुणीतरी मोबाइल वर धरला. उज्वलाताईंनी त्यांना उठवून घरी आणलं तेव्हा साडी चिखलानं भरली होती आणि बांगडी फुटून मनगटाला लागली होती.

यशश्री संध्याकाळीच पुण्याहून आली. ती बँकेत अधिकारी, बापासारखीच स्पष्ट. आईचं मनगट पाहून तिचा चेहरा कडक झाला. सरांनी तिला सगळी योजना सांगितली, अगदी पंचवटीच्या नाण्यांसकट. तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा, तुम्ही मला काय शिकवलंत? कृत्रिम भाव कायम टिकत नाही. कधीतरी फुटतोच. तो आज आईच्या अंगावर फुटला."

"बरोबर आहे तुझं."

"मग झालं तर. उद्यापासून आई बाहेर जाणार नाही. भाजी मोबाइलवरून मागवू. दिवसभराची बाई ठेवते मी."

"आणि ती काय करेल दिवसभर?"

आतल्या खोलीत श्यामलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सर बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. त्यांना फार भीती वाटली. हे काम सुटलं की ही पुन्हा उठून केस विंचरणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"यशू, मला उद्याची एक सकाळ दे," ते म्हणाले. "नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

सकाळी सर रिक्षानं जाऊन मंडईतून मेथीच्या वीस जुड्या, थोडी कोथिंबीर आणि वांगी घेऊन आले. झुंबरच्या गाडीपासून दूर, पिंपळाखाली त्यांनी पोतं पसरलं आणि गुडघ्याला हात देत त्यावर बसले. डोक्याला टॉवेल गुंडाळला, तो उन्हासाठी नाही, लाजेसाठी. समोरून जाणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं स्कूटर थांबवली, नीट पाहिलं आणि निघून गेला. यशश्री गेटला टेकून हाताची घडी घालून उभी होती. दहाच्या सुमाराला तिनंच आईचे केस विंचरून दिले, हातात पिशवी दिली आणि आईच्या मागोमाग चालत आली.

श्यामलाबाई पोत्यासमोर थांबल्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. सरांना वाटलं, आता ओळखणार. पण त्यांनी वाकून जुडी उचलली, देठ मोडून पाहिला.

"मामा, कशी दिली?"

पन्नास वर्षांत श्यामलाबाईंनी त्यांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. सरांनी टॉवेल कपाळावर आणखी ओढला. "बारा आणे."

"बारा आणे?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या, नव्या नवरीसारख्या. "मी या गावात नवीन आहे म्हणून फसवू नका हं. आमच्याकडे आठ आण्याला ढीगभर देतात."

यशश्री दुसरीत होती ते सालही आता मागे पडलं होतं. या श्यामलाबाईंना अजून मुलगी झालीच नव्हती. मागे उभ्या यशश्रीला ते कळलं आणि तिनं तोंड फिरवलं.

"परवडत नाही बाई," सर म्हणाले. त्यांना सौदा लवकर संपू द्यायचा नव्हता. "माल ताजा आहे. बघा की पान."

"पान चांगलं आहे, पण देठ जून आहे. द्या आठ आण्याला. मी रोजची गिऱ्हाईक होईन." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते मामा, आमचे हे कॉलेजात शिकवतात. फार हुशार आहेत. पण भावातलं त्यांना काही कळत नाही. काय म्हणेल तो भाव देऊन मोकळे होतात. आणि पुस्तकांचा फार नाद, पण पगार पुरत नाही. दुकानात एखादं पुस्तक हातात घेतात, किंमत बघतात आणि परत ठेवतात. ते मला बघवत नाही हो. त्यांना वाटतं मला हौस आहे घासाघीस करायची."

"बरं, आठ आणे," सर म्हणाले. त्यांनी एकाऐवजी दोन जुड्या पिशवीत टाकल्या.

"एकच द्या," श्यामलाबाई कडक आवाजात म्हणाल्या आणि दुसरी जुडी परत ठेवली. रुपया पुढे केला. सरांनी खिशातून उरलेल्या चार नाण्यांपैकी दोन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी एक बटव्यात टाकलं. दुसरं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. "हे त्यांच्या पुस्तकाचं," त्या म्हणाल्या आणि ताठ मानेनं घराकडे निघाल्या.

सर तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं यशश्री धावत आली. "बाबा, चला, लवकर चला. आई ते नाणं कुठे ठेवते, ते पाहिलं मी."

घरात श्यामलाबाई टेबलाशी बसून मेथी निवडत होत्या, काहीतरी गुणगुणत. यशश्रीनं वडिलांना पुस्तकांच्या कपाटाशी नेलं आणि वरच्या कप्प्यातलं सार्वजनिक वित्ताचं जाडजूड पुस्तक पुढे ओढलं. मागे भिंतीशी चार आण्यांची नाणी एकावर एक नीट रचलेली होती. सरांनी डाळीचे डबे उपसले होते, पण स्वतःच्या पुस्तकांमागे बघायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यांनी नाण्यांवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. पुस्तक होतं तसं ढकलून दिलं. यशश्री रडत होती, आणि सरही रडत होते, अगदी उघड.

"माझा पगार कसा पुरायचा, याचा मी कधी विचारच केला नाही ग," ते म्हणाले.

यशश्रीनं डोळे पुसले. दिवसभराची बाई, मोबाइलवरची भाजी, यातलं ती काहीच बोलली नाही. पर्स काढून तिनं विचारलं, "पंचवटीत तो नाणीवाला नक्की कुठे बसतो? आता रोज दोन लागणार."

"जुनी परत काढली तरी चाललं असतं," सर म्हणाले, "पण नको. ती तिची आहेत."

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली. सर दचकून वळले. श्यामलाबाई मेथीचं पान हातात धरून त्यांच्याकडेच बघत होत्या. "तो पिंपळाखालचा नवा भाजीवाला बरा आहे. जरा भोळा आहे बिचारा. तुम्ही जाऊ नका त्याच्याकडे, मीच जाईन."

"बरं," सर म्हणाले आणि तिच्या शेजारी बसून मेथी निवडायला लागले.