सतरा नंबरच्या पाठीवरचं कुंकू

जुनी कार्डं विकत घेणारा दिपेश पालघरहून यायचा होता, म्हणून भाग्येशने सकाळीच बाहेरच्या खोलीतला पंखा बंद केला. कार्ड उडेल म्हणे. आमची लेक ज्ञानेश्वरी घामाने किरकिरायला लागली, तेव्हा तिला कडेवर घेऊन मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले.

"पंखा लाव की, पोरीला घामोळं येईल," सासूबाई आतून म्हणाल्या. "साठ हजाराचं हाय म्हणून काय त्याला पाय फुटल्यात?"

गेले काही दिवस घरात साठ हजार एवढाच शब्द होता. भाग्येशचा मित्र अंकुश वाणगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान वाढवत होता. कार्ड विकून त्यात निम्मी भागी घेतली, तर भाग्येशला केमिकल कंपनीतली रात्रपाळी सोडता आली असती. रात्रपाळीहून आला की तो लेकीला लगेच उचलत नाही. आधी अंघोळ, मग कपडे वेगळ्या बादलीत, मग खोकल्याची उबळ जाईपर्यंत मोरीत उभं राहणं. तोवर ती बाहेर दाराशी हात पसरून रडत असते. मला ती भागी हवी होती ती तिच्या त्या रडण्यापायी.

कार्ड क्रिकेटचं, च्युइंगमच्या पाकिटात निघायचं तसलं. भाग्येश लहान असताना हे लोक पाम गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. तीस कार्डं जमवून पाठवली की कंपनी बॅट द्यायची. पण सतरा नंबर कंपनीने मुद्दामच थोडे छापले होते, आणि ज्या पोरांना तो मिळाला त्यांनी बॅटीसाठी पाठवून दिला. उरला तो भाग्येशसारख्यांकडे, ज्यांना बाकीची साधी कार्डं जमवण्याइतकं च्युइंगम कुणी घेऊन दिलं नाही. सासऱ्यांनी, खंडेरावांनी, काही वर्षांनी ते पुठ्ठ्यावर ठेवून वर प्लॅस्टिक चिकटवून दिलं होतं. दिपेशने फोटोवरूनच साठ सांगितले होते. "फक्त प्लॅस्टिक तुम्ही काढू नका, मी येऊन काढतो," असंही बजावलं होतं.

तो आला. चष्मेवाला, हळू बोलणारा, नखं अगदी बारीक कापलेली. पाणीसुद्धा तो कार्डापासून लांब बसून प्यायला.

"वहिनी, आमच्यात दोनच गोष्टी बघतात," तो मला म्हणाला. "किती उरलीत आणि कशी उरलीत. घरोघरी आहे ते कार्ड कितीही कोरं असू दे, वीस रुपयांच्या वर जात नाही."

त्याने ब्लेडने प्लॅस्टिक सोडवलं. कोपरे पाहिले, कडा पाहिल्या, चित्राच्या चारी बाजूंची पांढरी पट्टी सारखी आहे का ते पाहिलं. "वा! हाताळलेलंच नाही हो," असं तो म्हणाला तेव्हा भाग्येशचा हलणारा गुडघा थांबला.

मग त्याने कार्ड उलटं केलं.

पाठीवर रुपयाएवढा डाग होता. तांबडा, कडेने पिवळा, मधे कागद फुगलेला आणि त्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसलेला.

"हे काय?"

भाग्येशने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "मीच काहीतरी सांडलं असेल लहानपणी."

"तू कशाला सांडशील?" सासूबाई चहा घेऊन आल्याच होत्या. "पूजा हाय ती! खंडेनवमीला ह्याचे बाबा पाने-पक्कड मांडायचे, तर ह्यो रडून गोंधळ. माझं कार्ड बी मांड म्हणून. मग दरसाली मांडायचे मी. माणसाच्या तोंडावर हळदकुंकू कसं लावावं, म्हणून पाठीला लावलं." त्यांनी दिपेशपुढे कप ठेवला. "पूजलेलं हाय, सांगा तुमच्या लोकांना."

दिपेश चष्मा पुसत राहिला.

सासूबाईंनी एकेकाचं तोंड पाहिलं आणि त्या खाली बसल्या. "म्हंजे... मी नासवलं व्हय?"

"तसं नाही, आई," मी म्हणाले.

त्यांनी पदराचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. "पुसून देते की. किती वेळ लागतोय?"

भाग्येशने त्यांचं मनगट धरलं. "राहू दे. आई, राहू दे ना."

"पुसलं तर कागद सोलून निघेल, काकू," दिपेश म्हणाला. "एक सांगू? त्या वयात पोरं ही कार्डं भिंतीवर आपटून खेळायची. माझी सगळी तशीच गेली. तुम्ही देवाजवळ ठेवलंत म्हणून हे राहिलं." मग त्याने भाग्येशकडे वळून आवाज खाली आणला. "पण भाव मला पाडावाच लागेल. पंधरा देतो. तेसुद्धा दुसरं कुणाकडे दिसत नाही म्हणून."

भाग्येशने घासाघीस केली नाही, पंधरा हजार घेऊन कार्ड देऊन टाकलं. दिपेश गेल्यावर त्याने अंकुशला फोन लावला आणि स्पीकर चालू करून खाली ठेवला. "पंधराच मिळाले," तो म्हणाला.

"पंधराच हाय? मंग निम्मी भागी नाय रे व्हायची," अंकुश म्हणाला. सासूबाईंनी मान खाली घातली. "पन काउंटर तुजा. रविवारचा येऊन बस. गिऱ्हाइकाला तुजा हात पसंत पडला का मंग कंपनीला सोड. भागीचं आमी बगू हळूहळू."

"खोकतो रे मी."

"खोक ना. मोबाईलवर नको खोकू म्हंजे झाला."

भाग्येश हसला, आणि हसताहसताच खोकला. ज्ञानेश्वरीने माझ्या कडेवरून त्याच्याकडे झेप घेतली. त्याने तिला तसंच उचललं.

"ये मंग पुढल्या रविवारी," अंकुश म्हणाला.

"पुढल्या कशाला?" सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "आज रविवारच हाय की." आणि ओला पदर खांद्यावर टाकून त्या भाग्येशचा डबा भरायला उठल्या.