शेगडीवर शेकलेला बोरान

मित्रांनो, मी एक जुना बोरान आहे. नाव ऐकून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर हसलात तर मी रुसतो. बोरान म्हणजे आयर्लंडचं वाद्य, तुमच्या हलगीचा लांबचा मावसभाऊच म्हणा ना. लाकडाचं गोल कडं आणि एका अंगाला बकरीचं कातडं. मला मांडीवर उभं धरतात, एक हात मागून कातड्याला लावतात आणि दुसऱ्या हातातल्या लहानशा दांडीने वाजवतात.

आयर्लंडमधल्या एका खेड्यात डोनल नावाच्या सुताराने मला घडवलं. तिथे पावसाची पिरपिर कायमची, त्यामुळे माझं कातडं सारखं सैल पडायचं. मग डोनल मला चुलीसमोर धरायचा. धरताना विस्तव आणि मी यांच्यामध्ये स्वतःचा तळहात ठेवायचा. त्याच्या हाताला चटका बसला, की मला मागे घ्यायचा. मला कधी डागसुद्धा पडला नाही.

सतरा मार्चला तिथे संत पॅट्रिकचा सण असतो. सकाळी सगळे चर्चमध्ये जात, कोटाला तीन पानांची हिरवी शॅमरॉक खोचत आणि मग मिरवणूक निघे. मिरवणूक कसली, चार ट्रॅक्टर, शाळेची पोरं आणि हिरव्या फितीने सजवलेली एक हट्टी मेंढी! पण सगळ्यांच्या पुढे मी असायचो, हे विसरू नका.

पुढे डोनलची मुलगी ऑर्ला शारजाच्या एका शाळेत संगीत शिकवायला आली आणि मलाही घेऊन आली. इथे त्या दिवशी ना सुट्टी, ना पाऊस, ना ट्रॅक्टर. मला वाटलं, संपलं आपलं. पण त्या संध्याकाळी हिरवे शर्ट घातलेल्या आयरिश नर्सा आणि शिक्षक दुबईहून दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून तिच्या घरी जमले. कुणी घरी भाजलेला पाव आणला. एकजण गाता गाता रडला आणि म्हणाला, एसीमुळे डोळ्यांतून पाणी येतं. मी अशी आठ वर्षं वाजलो.

मग डोनलला अर्धांगवायूचा झटका आला. त्याचा उजवा हात गेला आणि ऑर्ला नोकरी सोडून घाईने परतली. जाताना तिने मला तिच्या लाडक्या विद्यार्थिनीच्या, केयाच्या हाती दिलं. केया अकरा वर्षांची, शारजातच वाढलेली. तिने मला प्रेमाने भिंतीवर टांगलं, पण टांगलं ते नेमकं एसीच्या खाली. तीन महिन्यांत मी वाळून कडक झालो. विचारायला कुणी आलं नाही.

मार्चमध्ये ऑर्लाचा फोन आला. डोनल आता फारसं बोलत नाही, पण सणाला बोरान ऐकायचाय, एवढं त्याने दोनदा सांगितलं होतं. सतरा तारखेला चारला, म्हणजे तिकडे दुपारी बाराला व्हिडिओ कॉल करायचा ठरलं.

त्या दिवशी केयाने शाळेतून आल्यावर मला वाजवून बघितलं. आवाज पत्र्यासारखा. ऑर्लाने सांगितलं होतं, कातडं ताणलं तर पाण्याचा हात फिरव. आमच्या केयाबाईंनी अख्खी बाटली रिकामी केली! मी भिजल्या पापडासारखा लोंबायला लागलो. दांडी मारली तर नुसतं भद्. घड्याळात सव्वातीन वाजले होते. केया रडायला लागली.

"खलास," तिचे बाबा मधू म्हणाले. "आता कॉल उद्यावर ढकलू."

"बाबा, नो! ही इज वेटिंग!"

महिनाभराच्या व्हिसावर गावाहून आलेले मधूंचे वडील, दगडूआजोबा, बाल्कनीतून उठून आले. साताऱ्याकडच्या जत्रांमध्ये त्यांची उभी हयात हलगी वाजवण्यात गेली होती. त्यांनी मला उचललं, बोटाने दाबलं आणि गॅस बारीक पेटवला.

"अण्णा, स्मोक अलार्म वाजेल," मधू म्हणाले.

"खिडकी उघड आन् गप बस."

"आजोबा, इट विल बर्न!"

"आगं, आधी माझा हात भाजंल, मग ह्ये."

माझी तर पाचावर धारण बसली होती. पण जाळ आणि मी यांच्यामध्ये त्यांनी आपला तळहात ठेवला, अगदी डोनलसारखा! मित्रांनो, खरं सांगतो, मला माझं घर आठवलं. ते मला हळूहळू फिरवत राहिले, मध्येच टिचकी मारून ऐकत राहिले. चारला पाच मिनिटं असताना माझा घुमणारा आवाज परत आला.

केयाने मला मांडीवर घेतलं. पडद्यावर डोनल खुर्चीत होता, कोटाला शॅमरॉक खोचलेली. त्याच्या खिडकीबाहेर पाऊस पडत होता. केया वाजवत गेली, तशी त्याच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीवर ताल धरायला लागली. ऑर्लाने तोंड फिरवून डोळे पुसले.

वाजवून झाल्यावर केयाने सगळं कबूल केलं, बाटलीसुद्धा. डोनल काहीतरी पुटपुटला. ऑर्लाने सांगितलं, बाबा विचारतायत, शेकला कुणी?

केयाने फोन आजोबांकडे वळवला. आजोबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी लाल झालेला तळहात पडद्यासमोर धरला. डोनलने तो पाहिला. मग त्याने डाव्या हाताने आपला निकामी उजवा हात उचलला आणि तळवा आमच्याकडे केला. त्यावर चुलीचे जुने डाग होते.

आता मी एसीपासून लांब, पुस्तकांच्या कपाटात असतो. केया रोज अर्धा तास वाजवते आणि शेकायचं कसं, तेही आजोबांकडून शिकली. तुमच्याही घरी एखादं जुनं वाद्य मुकं होऊन पडलं असेल. त्याला खाली काढा, पुसा, आणि ते कसं सांभाळायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आजच विचारा. तो माणूस बहुधा तुमच्याच बाल्कनीत बसलेला असेल.